साठ मैल सपाट पाणी

माझे वडील पाटकरी होते. हे साधं वाक्य लिहायला मला पस्तीस वर्षं लागली. पाटकरी म्हणजे कालव्याच्या काठाने फिरून शेतकऱ्यांना ठरल्या वेळी पाणी सोडणारा आणि ठरल्या वेळी ते बंद करणारा माणूस, पाटबंधारे खात्यातली जवळजवळ सगळ्यात खालची पायरी. एकतीस वर्षं ते नीरेच्या कालव्यावर चालले. खांद्यावर दारं फिरवायची लोखंडी किल्ली असे आणि सदऱ्याच्या खिशात नोंदवही. त्या चालण्यावर मी इंजिनिअर झालो, अमेरिकेला आलो, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत चार बेडरूमचं घर घेतलं, आणि मग त्या चालणाऱ्या माणसाला लपवायला लागलो.

लपवणं अगदी सोपं होतं. त्या काळात तिकडे दोन मराठी माणसं भेटली की प्रश्न ठरलेले असत. मूळचे कुठले, कॉलेज कोणतं, वडील कशात होते. आम्ही श्रूजबरीत नवे असताना एका डॉक्टरांच्या बेसमेंटमध्ये दिवाळीचं जेवण होतं. डॉक्टर हृदयाचे होते, पुण्याचे होते आणि या दोन्ही गोष्टी ते पहिल्या पाच मिनिटांत सांगत. त्यांनी मला विचारलं, "वडील कशात होते?" मी म्हणालो, "इरिगेशनमध्ये." हे खरं होतं. ते म्हणाले, "अच्छा, एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर वगैरे का?" माझ्या तोंडात बटाटेवडा होता. मी मान हलवली.

खोटं मी बोललो नाही, फक्त मान हलवली, असं मी पुढे नऊ वर्षं स्वतःला सांगत राहिलो. त्या नऊ वर्षांत माझ्या वडिलांना एक जीप मिळाली, कालव्यावरचा दगडी बंगला मिळाला आणि हाताखाली चार शिपाई मिळाले. हे सगळं मी दिलं. बायकोने सुरुवातीलाच बजावलं होतं, "मानेनं केलंत ते तोंडानं दुरुस्त करा. नंतर जड जाईल." मी तिला म्हणालो, तुझे वडील हेडमास्तर होते, तुला बोलायला काय जातं. त्यावर ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, आणि मला ते बरंच वाटलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा आई गेली, आणि त्या उन्हाळ्यात मी वडिलांना सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. विमानतळावरून घरी येताना मी गाडीत त्यांना सांगितलं, "अण्णा, इथे लोकांशी नोकरीबद्दल फार बोलू नका."

"का?"

"लोकांना कंटाळा येतो. इथे तशी पद्धत नाही."

मागच्या सीटवर बायको खिडकीतून बाहेर बघत होती. ज्या देशात माणसं नोकरीखेरीज दुसरं काही बोलत नाहीत, त्या देशाबद्दल मी हे सांगत होतो. अण्णांनी मान डोलावली. मुलगा शिकलेला होता, त्याला पद्धत माहीत असणार.

डॉक्टरांचा फोन महिन्याभराने आला. "यार, काका आयुष्यभर कॅनॉलवर होते ना? मग त्यांना आपला कॅनॉल दाखवू. सप्टेंबरात लेबर डेच्या लाँग वीकेंडला न्यूयॉर्क स्टेटमध्ये बोट हायर करायची. बेड, किचन, सगळं बोटीवर. लायसन्स लागत नाही, आपणच ड्राइव्ह करायची. दोन फॅमिली आरामात मावतात." मी म्हणालो, अण्णांना झेपेल का. ते म्हणाले, "अरे, प्लॅनच त्यांच्यासाठी आहे. आणि रूट काकांनीच ठरवायचा. घरात एक्सपर्ट असताना आपण कशाला डोकं चालवायचं?"

मला भीती डॉक्टरांची नव्हती, त्यांच्या बायकोची होती. वहिनींचे वडील खरोखरचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होते. त्यांचं बालपण खऱ्या दगडी बंगल्यात गेलं होतं. साहेब कसा बसतो आणि पाटकरी कसा उभा राहतो, हे त्या बाईने रोज पाहिलं होतं. तीन दिवस तिच्यासोबत एका बोटीत.

बोटवाल्यांनी पोस्टाने नकाशा पाठवला. त्यांच्या धक्क्यापासून कालवा दोन्ही बाजूंना जात होता. पश्चिमेला गेलं तर साठेक मैल पाणी एकाच पातळीत, वाटेत लहान गावं आणि बोट आली की वर उचलले जाणारे पूल. पूर्वेला गेलं तर दुसऱ्या दिवशी लागोपाठ दोन लॉक. लॉक म्हणजे दोन टोकांना दारं असलेला पाण्याचा हौद. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं, की बोट वरच्या पातळीला जाते. पाणी सोडलं की खालच्या. कुठे जाणार ते फॉर्मवर खूण करून आधी कळवायचं होतं.

अण्णांनी तो नकाशा डायनिंग टेबलावर पसरला आणि पुढचे तीन आठवडे आम्ही किचनच्या काउंटरवर जेवलो. त्यांनी बायकोकडून शिवणाचा दोरा मागून घेतला, तो ओला करून कालव्याच्या वळणांवर बसवला आणि फूटपट्टीवर मोजला. मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने कालव्याची सरळ पट्टी काढली. प्रत्येक पूल, प्रत्येक मोरी, प्रत्येक गाव, धक्क्यापासून अंतरासकट. खाली पाळीपत्रक. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या पाळ्या ते जशा लावायचे, तशा त्यांनी आमच्या लावल्या होत्या. सुकाणूवर कोण, स्वयंपाक कुणाचा, मुलांवर लक्ष कुणाचं, सगळं तासांच्या हिशेबाने. डॉक्टर आणि मी दोघेही त्यात साध्या शेतकऱ्यांसारखे पाळीची वाट बघत उभे होतो.

लॉकच्या जागी दोन चौकोन होते आणि त्यांच्या शेजारी एक रकाना. रकान्यावर लिहिलं होतं, 'भरण्यास लागलेला वेळ'. रकाना रिकामा होता.

"हे काय राहिलं?" मी विचारलं.

"ते बघून लिवीन. डोळ्यांनी बघितल्याबिगर आकडा लिवायचा नसतो."

मग त्यांनी मला ते सांगितलं. त्यांच्या एका साहेबांच्या टेबलावर इंग्रजी पुस्तक होतं. त्यात बोट पाण्याने वर चढवतात त्याचं चित्र होतं. अण्णा सहीसाठी वही घेऊन गेलेले, साहेब खुशीत होते, त्यांनी पाच मिनिटं ते चित्र समजावून सांगितलं. "एकतीस वर्सं बघितलं, पाणी खालीच जातंय," अण्णा म्हणाले. "पाण्यानं एवढी बोट उचलून वर ठिवायची. मला तवा खरं वाटलं न्हाई. साहेबाला बोललो न्हाई, पण न्हाईच वाटलं." आईच्या मृत्यूनंतर मी त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. अमेरिकेत काय बघायचंय असं त्यांना सगळे विचारत आणि ते 'नातीला बघितलं, झालं' असं म्हणत. त्यांना हे बघायचं होतं. एवढं एकच.

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. खाली उजव्या कोपऱ्यात बोटभर जागा सोडली होती. "सही कर."

"माझी सही कशाला?"

"साहेबाच्या सहीशिवाय पाळी लागत न्हाई," ते म्हणाले, आणि हसले. स्वतःच्या मुलाची सही घेण्याचा आनंद होता तो. आज मला तो कळतो. तेव्हा मला एवढंच दिसलं की हा कागद वहिनींनी पाहिला, तर त्या कोपऱ्यावरून त्यांना क्षणात सगळं समजेल. साहेब दुसऱ्याच्या सहीसाठी जागा सोडत नाही.

"बघतो," मी म्हणालो, आणि सही केली नाही.

सगळ्यात मोठी भीती मात्र लॉकची होती. मला ते दृश्य डोळ्यांसमोर दिसत होतं. बोट लॉकमध्ये शिरते न शिरते तोच अण्णा उडी मारून काठावर जाणार, तिथल्या माणसाच्या शेजारी जाऊन उभे राहणार, दाराला हात लावून बघणार, धोतराचा सोगा खोचून वाकणार. सत्तरीकडे झुकलेला एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर अमेरिकन पाटकऱ्याच्या हातातली किल्ली मागतोय, आणि वहिनी गॉगल वर करून बघतायत. मी ऑफिसात बसून त्या फॉर्मवर 'पश्चिम' अशी खूण केली आणि पाकीट पोस्टात टाकलं. घरी येऊन सांगितलं की बोटवाल्यांशी फोनवर बोलणं झालं, लॉक दुरुस्तीसाठी बंद आहेत, पूर्वेला जाता येणार नाही. डॉक्टरांनाही तेच सांगितलं.

अण्णांनी नकाशावरच्या लॉकवर बोट टेकवलं. "दोन्ही?"

"दोन्ही."

"किती दिवस चालंल?"

"महिना झाला बंद आहेत. सीझन संपेपर्यंत तसेच राहणार."

त्यांनी कॅलेंडरचा कागद घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि दुसऱ्या कागदावर पश्चिमेची पट्टी काढायला घेतली. ती त्यांनी एका दुपारीच संपवली. तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

सहा तास गाडी चालवून आम्ही शुक्रवारी दुपारी धक्क्यावर पोचलो. बोट हिरवी, लांबट आणि वाटली होती त्यापेक्षा अरुंद होती. बायकोने अण्णांना पँट घालायला लावली होती, माझ्या सांगण्यावरून. पहिल्या संध्याकाळी एका गावाजवळ बोट बांधली, वहिनींनी पोळ्या आणि बटाट्याची भाजी वाढली, मुलं वरच्या डेकवर गेली, आणि डॉक्टरांनी ग्लास हातात घेऊन ज्या प्रश्नाला मी नऊ वर्षं घाबरत होतो तो विचारला.

"काका, एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर म्हणून तुमच्याकडे किती मैल कॅनॉल होता?"

अण्णांनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी भाजीतली मोहरी बघत होतो. बायको उठून पाणी आणायला गेली, पाण्याचा जग टेबलावर भरलेला असताना. मग अण्णा बोलले, आणि तो आवाज मी लहानपणी साहेबांच्या बंगल्याच्या व्हरांड्याबाहेर उभा राहून ऐकला होता. साहेबांपुढे ते नेहमी शुद्ध बोलत. आता ते साहेबांसारखंच बोलले.

"मैल मोजायला वेळच कुठे मिळायचा. जीप एकच होती आणि रस्ते असे. पण पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचलं पाहिजे, असा माझा दंडक होता."

ते वाक्य त्यांच्या साहेबांचं होतं. साहेब दर पावसाळ्यानंतर सगळ्या पाटकऱ्यांना उभं करून ते ऐकवायचे.

मला वाटलं होतं की ते उघडं पाडतील किंवा गोंधळतील, आणि दोन्हींची माझी तयारी होती. त्यांना उतारवयात विसर पडतो असं डॉक्टरांना सांगायचं, इथपर्यंत मी ठरवून ठेवलं होतं. पोटच्या मुलाने हे ठरवलं होतं. पण त्यांनी माझं खोटं अंगावर घेतलं आणि माझ्यापेक्षा चांगलं निभावलं. मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली. आधी सुटका आली, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

शनिवारी वहिनींनी त्यांचा ताबाच घेतला. डॉक्टर सुकाणूवर, मी दोर सांभाळायला, आणि त्या दोघांच्या खुर्च्या डेकवर शेजारी. "काका, तुमच्या बंगल्यापुढे कुठलं झाड होतं हो? आमच्याकडे बकुळ होती."

"आमच्याकडे दोन आंबे आणि मागे कढीलिंब. व्हरांड्याच्या खांबांना जाईचा वेल. उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे लावायचे, त्यावर तासातासाला पाणी मारावं लागे."

"अगदी अगदी. आमचा शिपाई मारायचा."

"हो," अण्णा म्हणाले. "शिपाई मारायचा."

वहिनींचे डोळे भरून आले होते. त्यांचे वडील नुकतेच गेले होते आणि त्यांना या माणसाच्या बोलण्यात ते दिसत होते. अण्णा त्यांना पायऱ्या सांगत होते, विहीर सांगत होते, मागच्या दारातली पन्हाळ सांगत होते, जीप धुवायच्या जागेवरचा दगड सांगत होते. त्या अर्ध्या तासात ते बंगल्याच्या आतल्या एकाही खोलीबद्दल बोलले नाहीत. आत ते कधी गेलेच नव्हते. हे बोटीवर फक्त मला कळत होतं. निदान मला तसं वाटत होतं. उठताना वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, फार मोठं मन आहे हो तुमच्या वडिलांचं." त्या वाक्यात काही होतं की नव्हतं, हे मी आजपर्यंत ठरवू शकलेलो नाही.

बाकी प्रवास म्हणजे पाणी, झाडं, गाई आणि पुन्हा पाणी. साठ मैल सपाट. कुठे चढ नाही, कुठे उतार नाही. मुलं कंटाळून भांडायला लागली. डॉक्टर म्हणाले, "जरा बोअरिंग रूट आहे, नाही?" आणि अण्णा म्हणाले, "लॉक बंद म्हटल्यावर दुसरा इलाज नव्हता." रूट त्यांनीच ठरवलाय असं सगळे समजत होते. कंटाळ्याचा दोषही त्यांच्याच नावावर गेला. मी तो जाऊ दिला.

एका गावात पुलापाशी डॉक्टरांनी तीनदा भोंगा वाजवला. काठावरच्या छोट्या खोलीतून एक म्हातारा अमेरिकन बाहेर आला, रस्त्यावरच्या गाड्या थांबवल्या आणि पूल वर उचलला. बोट खालून जाताना अण्णा उभे राहिले. त्याने हात वर केला. अण्णांनीही केला, अर्धाच. मग माझ्याकडे बघून तो खाली घेतला आणि खुर्चीत बसले. बोट मागे गेल्यावर पूल खाली येताना त्यांनी मान वळवून पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी परत धक्क्याला लागलो. सामान गाडीत भरत असताना डॉक्टर बोटवाल्याच्या ऑफिसातून हसत आले. "यार, तुला लॉक बंद आहेत असं कुणी सांगितलं? ऑल समर चालू आहेत. इथून कारने अर्धा तास. आत्ता गेलो तर एखादी बोट वर जाताना बघायला मिळेल. चला काका, तुमच्यासाठी तरी."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "फोनवर कुणीतरी चुकीचं सांगितलं असेल." बायकोने डिकी धाडकन बंद केली. मी अण्णांकडे बघितलं नाही, पण त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेलेला मला दिसला. तिथे तो कॅलेंडरचा कागद होता.

"चला की काका," वहिनी म्हणाल्या.

"नको," अण्णा म्हणाले. "नोकरीत हेच बघत आलो. आता कंटाळा आला. तुम्ही मुलांना दाखवून आणा, मी इथे सावलीत बसतो."

मी एका शब्दाने म्हणू शकलो असतो, अण्णा, चला. अजूनही वेळ होता. खोटं तर त्यांनी निभावलं होतं, लॉकवर ते हात बांधूनही उभे राहिले असते. मी म्हणालो, "मीही थांबतो त्यांच्याबरोबर." डॉक्टर आपल्या गाडीतून दोघी बायकांना आणि मुलांना घेऊन गेले.

धक्क्यावर लाकडी बाक होतं. आम्ही तिथे बसलो. मग अण्णा त्यांच्या स्वतःच्या आवाजात, तीन दिवसांनी पहिल्यांदा, म्हणाले, "लॉक चालू हायत हे मला शनवारीच कळलं हुतं."

"कसं?"

"बोटींच्या पाठीवर गावाचं नाव लिवत्यात. एक आल्बनीची गेली. काल आणखी दोन. आल्बनी लॉकच्या पल्याड हाय. तीन हप्ते नकाशा बघितलाय म्या. महिना झाला बंद हायत म्हणालास, मग ह्या उडून आल्या व्हय?"

मी बाकाच्या फळीचा सुटलेला रंग नखाने खरवडू लागलो.

"मग का न्हाई नेलं, त्येचा इचार करत हुतो. पण त्ये शुक्रवारीच समजलं हुतं, जेवताना. मला तिथं नेलं असतंस तर माजं हात गप ऱ्हायलं नसतं. तुला ठावं हुतं."

"अण्णा, मी कधी मुद्दाम..."

"आमच्या साहेबाचा पोरगा हुता, तुझ्याच वयाचा. त्येची जुनी पुस्तकं तुला आणायचो. त्येला म्या सायकलीवरनं शाळंत सोडायचो. पोरांच्यात उतरला की म्हणायचा, 'ए पाटकरी, दप्तर दे.' लई राग यायचा मला. घरी यिऊन तुझ्या आईला सांगायचो." ते थांबले. "पण तो मला जे हुतो तेच म्हणायचा. तुझ्या तोंडातनं तेबी निघालं न्हाई."

मला वाटलं होतं ते आणखी बोलतील, ओरडतील. त्यांनी तसं केलं असतं तर मीही ओरडलो असतो, आणि मग काहीतरी संपलं असतं. बोटवाला बादलीने आमची बोट धूत होता, अण्णा त्याचं काम बघत बसले.

तासाभराने गाडी परत आली. बाकीचे गाडीशीच थांबले, आणि माझी आठ वर्षांची मुलगी आइस्क्रीमने चिकट झालेले हात पसरून धावत आली. तिला मराठी जेमतेम कळे, बोलायची मात्र इंग्रजीच.

"आजोबा, यू मिस्ड इट. द वॉटर केम फ्रॉम अंडरनीथ अँड द होल बोट वेंट अप. लाइक अॅन एलिव्हेटर."

अण्णांनी तिला मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. "काय म्हणती?"

मी सांगितलं. खालून पाणी आलं. अख्खी बोट वर गेली.

"किती वर?"

मी विचारलं. ती म्हणाली, आपल्या घराएवढी. मी सांगितलं, घराएवढी.

"दार कोण फिरवत हुतं? चाक केवढं हुतं?"

"नो व्हील," ती म्हणाली. "अ मॅन विथ अ लिटल हँडल." मी सांगितलं, चाक नाही, छोटी दांडी होती. अण्णांनी आपल्या पंजाकडे बघितलं, मग तिच्या पाठीवर तो ठेवला.

"तिला इचार, भरायला किती वेळ लागला? आन पाणी एकसारखं चढलं का मधी भोवरा उठला?"

मी विचारलं. ती खांदे उडवून म्हणाली, "आय डोन्ट नो, डॅडी. आय वॉज ईटिंग माय आइस्क्रीम." आणि मांडीवरून उतरून गाडीकडे पळाली.

अण्णा माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते.

"दहा मिनिटं," मी म्हणालो. "एकसारखं चढलं."

त्यांनी खिशातून कॅलेंडरचा कागद काढला, मांडीवर उलगडला, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि रिकाम्या रकान्यात लिहिलं, 'दहा मिनिटे'. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. मग त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"घ्या साहेब," ते म्हणाले. "सही करा."

मी सही केली.